बंगळूरची चार मते

राष्ट्रपतीची निवडणूक कशी व्हावी, हे आपल्या राज्यघटनेने बारकाईने सांगून ठेवले आहे. मतदार कोण, मताचे मूल्य कसे काढायचे, मतदान कोणत्या पद्धतीने व्हायचे, सगळे आहे. पक्षाने आपला उमेदवार कसा ठरवावा, याबद्दल मात्र तिच्यात चकार शब्द नाही. ते ज्याचे त्याने पाहायचे. स्वातंत्र्यानंतरची वीसेक वर्षे ते काम काँग्रेसच्या बंद दाराआड उरकले जाई. काँग्रेसचे बहुमत तेव्हा इतके दांडगे होते की आत नाव ठरले म्हणजे राष्ट्रपती ठरला. मतदान, मोजणी, शपथ हे सगळे पुढचे सोपस्कार.

आत कुरबुरी होत नसत असे नाही. १९५० मध्ये नेहरूंना राजाजी हवे होते, पक्षातल्या मोठ्या गटाला आणि सरदार पटेलांना राजेंद्रबाबू. राजेंद्रबाबू झाले. १९५७ मध्ये नेहरूंना राधाकृष्णन यावेत असे वाटत होते, पुन्हा राजेंद्रबाबूच आले. दोन्ही वेळा नेहरूंनी आवंढा गिळला आणि पक्षाच्या नावाला आपले नाव जोडले. देशाचा सर्वांत लोकप्रिय माणूस पक्षाच्या इच्छेपुढे वाकतो, या एका सवयीवर ती सगळी पद्धत उभी होती.

ती सवय १९६९ च्या पावसाळ्यात मोडली. मोडायला जेमतेम सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत महाराष्ट्राची माणसे इतक्या ठिकाणी दिसतात की आपल्याकडे या प्रकरणावर याहून जास्त लिहिले जायला हवे होते असे मला वाटत आले आहे.

मुळात १९६७ च्या निवडणुकीपासून काँग्रेसची घडी विस्कटलेली होती. लोकसभेच्या ५२० जागांपैकी २८३ हाती आल्या, अनेक राज्ये हातची गेली. पंतप्रधान नेमण्याइतके वजन ज्यांच्याकडे होते त्या ज्येष्ठांच्या गटाला, म्हणजे वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘सिंडिकेट’ला, मतदारांनी घरी बसवले होते. कामराज स्वतःच्या विरुदुनगरात एका विद्यार्थी नेत्याकडून पडले. मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणवले जाणारे स. का. पाटील जॉर्ज फर्नांडिसांकडून पडले. बंगालचे अतुल्य घोषही पडले. म्हणजे मते गेली होती, पण पक्षाच्या यंत्रणेच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला होत्या. सरकार इंदिरा गांधींकडे, पक्ष यांच्याकडे.

राष्ट्रपतिपदाला अचानक धार आली ती यामुळे. पुढच्या निवडणुकीत काँग्रेसला बहुमत मिळेलच याची खात्री राहिली नव्हती. त्रिशंकू लोकसभा आली तर सरकार बनवायला कोणाला बोलवायचे, हे राष्ट्रपती ठरवणार. पक्ष फुटला तर कोणाचा दावा आधी ऐकायचा, हेही तोच. नेहरूंच्या काळात शोभेचे वाटणारे पद आता चावीचे झाले होते. १९६७ मध्येच याची चुणूक दिसली होती. राधाकृष्णन यांना आणखी एक मुदत द्यावी असे कामराजांचे मत होते, इंदिरा गांधींनी झाकिर हुसेन यांचे नाव लावून धरले आणि निवडूनही आणले. विरोधकांच्या सुब्बा राव यांना तेव्हा ३,६३,९७१ मते पडली, झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४. काँग्रेसचा उमेदवार पडूही शकतो, हे या आकड्यांनी पहिल्यांदा जाणवून दिले.

३ मे १९६९ रोजी झाकिर हुसेन गेले. पदावर असताना निधन पावलेले ते पहिले राष्ट्रपती. सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घेणे भाग होते. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी कामकाज पाहू लागले. आजवर उपराष्ट्रपतीच पुढे राष्ट्रपती झाला होता, तेव्हा आपलेही नाव येईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण सिंडिकेटच्या मनात दुसरे नाव होते, नीलम संजीव रेड्डी. आंध्रचे माजी मुख्यमंत्री, काँग्रेसचे माजी अध्यक्ष आणि त्या वेळी लोकसभेचे सभापती. गंमत अशी की सभापती झाल्यावर निःपक्षपणा म्हणून त्यांनी काँग्रेसच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला होता. ज्या पक्षाचा सदस्य नाही, त्या पक्षाचा अधिकृत उमेदवार व्हायची वेळ त्यांच्यावर आली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बंगळूरला अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली. इंदिरा गांधी उशिरा पोहोचल्या. त्यांच्याआधी त्यांचे टिपण पोहोचले, फक्रुद्दीन अली अहमद यांच्या हाती. सुचले तसे मांडलेले विचार, असे त्याचे रूप होते. मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण, मक्तेदारीला चाप, जमीनसुधारणा. पुण्याचे मोहन धारिया, चंद्रशेखर, कृष्णकांत हे तरुण तुर्क जे दोन वर्षे ओरडून सांगत होते, ते पंतप्रधानांच्या तोंडून आले. टिपण मंजूर झाले. सिंडिकेटला त्याचे फारसे काही वाटले नसावे. ठराव मंजूर करून बासनात ठेवण्यात पक्ष मुरलेला होता. त्यांचे लक्ष १२ तारखेच्या दुसऱ्या बैठकीकडे होते.

ही बैठक काँग्रेस संसदीय मंडळाची. माणसे आठ. अध्यक्ष निजलिंगप्पा, इंदिरा गांधी, मोरारजी देसाई, कामराज, स. का. पाटील, यशवंतराव चव्हाण, जगजीवन राम आणि फक्रुद्दीन अली अहमद. पाटलांनी रेड्डींचे नाव मांडले. इंदिरा गांधींनी जगजीवन राम यांचे नाव मांडले. गांधीजींचे जन्मशताब्दी वर्ष आहे, दलित समाजातला माणूस राष्ट्रपती व्हावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. एरवी अशा वेळी कोणी तरी ‘एकमताने’ हा शब्द उच्चारी आणि विषय संपे. त्या दिवशी मते मोजली गेली. मोरारजी, कामराज, पाटील आणि चव्हाण रेड्डींच्या बाजूने. इंदिरा गांधी आणि फक्रुद्दीन विरुद्ध. निजलिंगप्पा आणि खुद्द जगजीवन राम यांनी मत दिले नाही. चार विरुद्ध दोन.

या चारांकडे मराठी वाचकाने जरा निरखून पाहावे. मोरारजी म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईत गोळीबार झाला तेव्हाचे मुख्यमंत्री. पाटील म्हणजे मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून जिवाचे रान करणारे मुंबई काँग्रेसचे धनी, स्वतः मराठी असून. आणि चव्हाण म्हणजे मोरारजी दिल्लीला गेल्यावर द्वैभाषिक मुंबई राज्याची धुरा घेतलेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचा मंगल कलश आणणारा माणूस. १९५६ साली ज्यांची तोंडे तीन दिशांना होती, ते तिघे १९६९ मध्ये बंगळूरला एका नावावर एकत्र आले.

यांतली तीन मते अपेक्षित होती. चौथे, यशवंतरावांचे, इंदिरा गांधींना अनपेक्षित होते. आर्थिक कार्यक्रमावर यशवंतराव त्यांच्या बाजूचे, तेव्हा उमेदवारीतही सोबत राहतील असा त्यांचा हिशेब होता. यशवंतरावांचा हिशेब वेगळा असावा. गृहमंत्री होते, वय छप्पन, पुढे पंतप्रधान होऊ शकतील अशा मोजक्या माणसांत नाव. रेड्डी हे त्यांना योग्य उमेदवार वाटत होते आणि पक्षातले बहुमतही तिकडेच आहे असे दिसत होते. कुंपणावर बसणारे, अशी टीका त्यांच्यावर आयुष्यभर झाली. माझ्या मते बंगळूरला ते कुंपणावर नव्हतेच, खाली उतरले होते. उतरले ते चुकीच्या बाजूला, एवढेच. नंतरच्या सहा आठवड्यांत पुन्हा कुंपणावर चढण्याची त्यांची धडपड सगळ्या देशाने पाहिली.

दुसऱ्याच दिवशी गिरींनी आपण अपक्ष उभे राहणार असल्याचे जाहीर केले.

दिल्लीला परतल्यावर इंदिरा गांधींनी राष्ट्रपतिपदाबद्दल एक शब्दही न बोलता उत्तर दिले. १६ जुलैला मोरारजींकडचे अर्थखाते काढून घेतले, मोरारजींनी उपपंतप्रधानपदही सोडले. १९ तारखेच्या शनिवारी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. ५० कोटींहून अधिक ठेवी असलेल्या बँका त्यात होत्या, पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच एक. घाईला कारण होते. सोमवारी संसद भरणार होती आणि सही करणारे गिरी रविवारी पद सोडणार होते.

गिरींच्या त्या सहीला एक मागचा धागा आहे. ते जुने कामगार पुढारी. १९५४ मध्ये केंद्रात मजूरमंत्री असताना बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा लवादी निवाडा सरकारने बदलला, म्हणून त्यांनी राजीनामा दिला होता. पंधरा वर्षांनी त्याच बँका सरकारच्या ताब्यात देणाऱ्या कागदावर सही करून ते निघाले. आणि १९५४ मध्ये अर्थखाते कोणाकडे होते? चिंतामणराव देशमुखांकडे. तेही आता राष्ट्रपतिपदाच्या रिंगणात उतरले, गिरी आणि रेड्डी या दोघांविरुद्ध.

चिंतामणराव महाडजवळच्या नाते गावचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला नाकारली म्हणून १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, तो राजीनामा महाराष्ट्राने अजून डोक्यावर घेतलेला आहे. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना उभे केले. सरकारने उद्योगधंद्यात हात घालू नये, हे स्वतंत्र पक्षाचे मुख्य म्हणणे. त्यांनी निवडलेल्या माणसाच्या कारकिर्दीतच इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली होती आणि आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला होता. उमेदवार निवडताना सुसंगती किती पाहायची हे प्रत्येक पक्ष आपापले ठरवतो. विद्वान, स्वच्छ, निवडून न येणारा पण कोणालाही नाव ठेवता न येणारा उमेदवार ही विरोधी पक्षांची तेव्हाची पसंती होती. ती पुढेही दिसत राहिली.

गिरी पायउतार झाले तेव्हा एक घटनात्मक तिढा उभा राहिला. उपराष्ट्रपतीने राजीनामा राष्ट्रपतीकडे द्यायचा असतो, आणि राष्ट्रपतीचे काम तर हेच पाहत होते. दोन्ही पदे रिकामी झाली तर काय, याची तरतूद करणारा कायदा त्याच मे महिन्यात घाईने झालेला होता. त्यानुसार सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात गेले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले हिदायतुल्ला पस्तीसेक दिवस देशाचे प्रमुख होते आणि भेटीला आलेल्या निक्सन यांचे यजमानपद त्यांनीच केले. गिरी पायउतार झाले त्याच सुमारास माणूस चंद्रावर उतरला होता. पण दिल्लीत चर्चा चालली होती ती कोण कोणाच्या बाजूचा, याची.

इंदिरा गांधींनी पुढची चाल फार थंडपणे खेळली. संजीव रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही त्यांनी स्वतः केली. म्हणजे कागदोपत्री काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचक पंतप्रधान. मग रोज टॅक्सीवाले, रिक्षावाले, छोटे दुकानदार त्यांच्या घरासमोर बँकांच्या निर्णयाचा जयजयकार करायला येऊ लागले. रेड्डींच्या बाजूने त्यांनी तोंड उघडले नाही आणि गिरींचे नावही घेतले नाही.

घोडचूक दुसऱ्या बाजूने झाली. कम्युनिस्ट, द्रमुक, अकाली गिरींच्या मागे आहेत हे दिसताच निजलिंगप्पांना आकड्यांची चिंता लागली. चिंतामणराव निवडून येणार नाहीत हे उघड होते, पण त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती रेड्डींना मिळाली तर काम होत होते. म्हणून काँग्रेसचे अध्यक्ष स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या नेत्यांना भेटले. गणित बिनचूक होते, राजकारण साफ चुकले. इंदिरा गांधींच्या माणसांना हवे ते आयते हाती आले. जगजीवन राम आणि फक्रुद्दीन यांनी अध्यक्षांना जाब विचारणारी पत्रे लिहिली. उजव्या पक्षांशी साटेलोटे करून तुम्ही पंतप्रधानांनाच खाली खेचायचा डाव करता आहात काय, असा त्यांचा रोख होता. रेड्डींसाठी पक्षादेश काढा, असे निजलिंगप्पांनी पंतप्रधानांना सांगितले. त्यांनी काढला नाही. मतदानाच्या तोंडावर त्यांचे आवाहन आले, विवेकबुद्धीला स्मरून मत द्या. त्याचेच मराठीत ‘आतला आवाज’ झाले आणि पुढे कोणी आमदार फुटला की हा शब्द चेष्टेने वापरला जाऊ लागला, तो आजतागायत.

१६ ऑगस्टला मतदान झाले. २० ऑगस्टला मोजणी.

ही मोजणी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक खासदाराचे मत ५७६ मूल्याचे. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवर. मतपत्रिकेवर नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालायचे. उमेदवार पंधरा होते, कारण त्या काळी अर्ज भरणे फार सोपे होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणरावांना १,१२,७६९. यादीत खाली आणखी एक मराठी नाव सापडते, पां. ना. राजभोज. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे १९५२ मध्ये सोलापुरातून लोकसभेवर गेलेले हे दलित पुढारी, त्यांना ८३१. बाकीच्यांत काहींना शून्य, म्हणजे सूचकानेही मत दिले नव्हते.

वैध मते ८,३६,३३७. निवडून यायला ४,१८,१६९ हवी. गिरी पुढे, पण १६,६५४ ने कमी. मग तळापासून एकेक उमेदवार बाद होत गेला आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीच्या गठ्ठ्यांत पडू लागल्या. सर्वांत मोठा गठ्ठा चिंतामणरावांचा. निजलिंगप्पांनी ज्यासाठी एवढी बदनामी ओढवून घेतली, तो हाच. आणि तो गठ्ठा त्यांच्या अपेक्षेप्रमाणेच वागला. पहिल्या फेरीपासून शेवटापर्यंत रेड्डींची ९१,८७९ मते वाढली, गिरींची फक्त १८,५६२. पण तेवढी पुरली. गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५० चा. खासदारांच्या भाषेत सांगायचे तर तेरा खासदारांनी गिरींऐवजी रेड्डींना मत दिले असते तर निकाल उलटा लागता. सत्ताधारी पक्षाचा अधिकृत उमेदवार पडला होता आणि तो पाडला होता त्याच्या सूचकानेच.

त्यानंतर पाच दिवसांनी कार्यसमितीत ऐक्याचा ठराव आला, त्यामागे यशवंतराव होते. बंगळूरचे चौथे मत आता दोन्ही बाजूंना सांधायला निघाले होते. ठराव मंजूर झाला आणि ऐक्य जेमतेम दोन महिने टिकले. १ नोव्हेंबरला कार्यसमितीच्या दोन वेगळ्या बैठका भरल्या. १२ नोव्हेंबरला इंदिरा गांधींना पक्षातून काढल्याचे जाहीर झाले. काढणाऱ्यांच्या मागे लोकसभेतले साठेक खासदार गेले, बाकीचे काढलेल्या बाईंबरोबर राहिले. यशवंतरावही राहिले. वर्षअखेर नव्या काँग्रेसचे अधिवेशन मुंबईत भरले, स. का. पाटलांच्या मुंबईत, आणि अध्यक्ष होते जगजीवन राम. १९७० च्या जूनमध्ये यशवंतरावांचे गृहखाते इंदिरा गांधींनी स्वतःकडे घेतले आणि त्यांना अर्थखाते दिले. ही बढती की शिक्षा, यावर तेव्हाही दुमत होते. पोलीस आणि गुप्तवार्ता हातची गेली, हे ज्याला कळायचे त्याला कळले.

निवडणूक कोर्टातही गेली. रेड्डींची नालस्ती करणारे एक निनावी पत्रक खासदारांत वाटले गेले होते. त्यावरून सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाले आणि १९७० मध्ये राष्ट्रपती गिरी स्वतः साक्षीला हजर राहिले. पदावरचा राष्ट्रपती साक्ष देतो, हे देशाने कधी पाहिले नव्हते. पत्रक वाटले गेले हे न्यायालयाने मानले, निवडणूक मात्र कायम ठेवली. १९७४ मध्ये कायदा बदलला. दहा सूचक, दहा अनुमोदक, अडीच हजारांची अनामत. हौशी उमेदवारांची मतपत्रिकेवरची गर्दी त्याने थांबली.

संसदीय मंडळ पुढेही होते, बैठका होत, नावे जाहीर होत. पण १२ जुलैसारखी मोजणी तिथे पुन्हा झाली नाही. कारण नाव आता पंतप्रधानांच्या घरून येई आणि मंडळात ते ‘एकमताने’ ठरे. १९७४ मध्ये आले ते नाव फक्रुद्दीन अली अहमद यांचे. बंगळूरला इंदिरा गांधींच्या बाजूने पडलेले दुसरे मत त्यांचे होते. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या कागदावर त्यांनी सही केली. १९६९ मध्ये बंगळूरला ज्यांचे नाव इंदिरा गांधींनी मांडले होते ते जगजीवन राम मात्र राष्ट्रपती झाले नाहीत, तेव्हाही नाही, नंतरही नाही.

संजीव रेड्डी झाले. १९७७ मध्ये जनता पक्षाचे उमेदवार म्हणून. ३७ जणांनी अर्ज भरले होते, छाननीत ३६ बाद झाले आणि ते बिनविरोध निवडून आले. पंतप्रधान होते मोरारजी. दोन वर्षांनी मोरारजींचे सरकार कोसळले तेव्हा राष्ट्रपती रेड्डींनी सरकार बनवायला पहिले बोलावणे धाडले ते विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांना. चार दिवस प्रयत्न करून यशवंतरावांनी जमत नाही असे कळवले.

मग निवडणुका झाल्या. १४ जानेवारी १९८० रोजी इंदिरा गांधींना पंतप्रधानपदाची शपथ दिली ती रेड्डींनी. त्या लोकसभेत महाराष्ट्रातून इंदिरा गांधींपासून फुटलेल्या अरस काँग्रेसचा एकच खासदार निवडून आला होता, साताऱ्याचे यशवंतराव.